आयर्लंडच्या खेड्यातले घरचे कपडे आणि घरी येणारा शिंपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण नेमक्या कुठल्या काळाबद्दल आणि कुठल्या भागाबद्दल बोलतोय?

साधारण १८५० ते १९५० ही शंभरेक वर्षं धरा. भाग म्हणाल तर जास्त करून पश्चिम किनारा, म्हणजे डोनेगल, मेयो, गॉलवे, केरी, कॉर्क आणि गॉलवेच्या समोर समुद्रात असलेली अ‍ॅरन बेटं. पूर्वेकडे डब्लिनच्या आसपास रेल्वे आणि दुकानं लवकर पोचली त्यामुळे तिथे तयार कपडे आधी आले, पश्चिमेला मात्र जमीन खडकाळ, पैसा कमी आणि मेंढ्या भरपूर, म्हणून तिकडे घरच्या लोकरीचं कापड कितीतरी वर्षं जास्त टिकलं.

म्हणजे सगळे कपडे घरीच बनायचे ना?

नाही, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. मेंढ्या घरच्या, लोकर घरची, सूत घरातल्या बायकांनी कातलेलं, इथपर्यंत बरोबर आहे. पण विणायला ते सूत गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या विणकराकडे जायचं, कारण माग ठेवायला जागा लागते आणि ते काम येणारा माणूस लागतो, प्रत्येक घरात थोडाच असतो. मग कोटपँट शिवायला शिंपी, आणि बटणं, अस्तर, दोरा, सुया हे सगळं बाजारातून नाहीतर दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून. मोजे, स्वेटर, लहान मुलांचे कपडे, आतले कपडे हे मात्र घरातच व्हायचे. मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की एका कोटामागे सात-आठ माणसांचे हात असायचे आणि घालणाऱ्याला त्यातला प्रत्येक माणूस ओळखीचा असायचा.

लोकरीपासून कापडापर्यंत काय काय करायला लागायचं?

खूप काही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेंढ्या नदीत किंवा ओढ्यात धुवायच्या, वाळू द्यायच्या आणि मग कातरायच्या. लोकर निवडायची, जाडीभरडी वेगळी, मऊ वेगळी, मग ती हाताने सुटी करायची, थोडं तेल नाहीतर हंसाची चरबी लावायची म्हणजे तंतू तुटत नाहीत, आणि तारेच्या दातांच्या दोन फळ्यांवर पिंजून तिचे पेळू करायचे. हे काम कंटाळवाणं, त्यामुळे हिवाळ्यात शेजारच्या बायका एकेका घरी जमायच्या, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे असं, गप्पा गाणी चालायची, चहा व्हायचा आणि रात्रीत ढीगभर लोकर पिंजून कातून व्हायची. चरखा पश्चिमेत बऱ्याचदा मोठ्या चाकाचा, कातणारी उभी राहून एका हाताने चाक फिरवायची आणि दुसऱ्या हाताने पेळू ओढत मागे मागे जायची. एका विणकराला पुरेल इतकं सूत पुरवायला कितीतरी कातणाऱ्या लागायच्या, म्हणजे वेळेचा हिशोब केला तर कपड्यातलं सगळ्यात मोठं काम बायकांच्या चरख्यावर झालेलं असायचं, पण नाव मात्र विणकराचं आणि शिंप्याचं व्हायचं. हे मला खरंच खटकतं.

विणून आलेलं कापड विरळ आणि सैल असायचं. ते घट्ट करायला भिजवून बडवायला लागायचं. नदीकाठी त्यासाठी पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या, लाकडी मोगऱ्या कापडावर आपटायच्या. जिथे गिरणी नाही तिथे माणसंच पायांनी कापड तुडवायची, साबणाच्या पाण्यात आणि, हो, साठवून ठेवलेल्या मुतात सुद्धा. ऐकायला कसंतरी वाटतं पण त्यातल्या अमोनियामुळे लोकरीतलं तेल निघून जायचं, रंगकामाला पण ते वापरायचे. कापड चांगलंच आटायचं, पण मग वारा आणि रिमझिम पाऊस आत शिरत नसे.

रंग कुठून यायचे?

आधी हे सांगते की पुष्कळ कापड रंगवायचेच नाहीत. अ‍ॅरन बेटांवरचा पुरुषांचा पांढरा जाडसर कोट, बॉनीन, म्हणजे न रंगवलेली लोकर, आणि काळ्या मेंढीची लोकर पांढरीत मिसळली की राखाडी कापड रंगाशिवायच मिळायचं.

रंगवायचं झालं तर दगडावर वाढणारं एक दगडफूल, त्याला तिकडे क्रोटल म्हणतात, ते पाऊस पडून गेल्यावर चमच्याने किंवा जुन्या सुरीने खरवडायचं, लोखंडी हंड्यात लोकरीचा एक थर क्रोटलचा एक थर असं रचून तासनतास उकळायचं, गंजासारखा तांबूस तपकिरी पक्का रंग यायचा आणि त्याला तुरटी सुद्धा लागत नसे. हीदर आणि गॉर्स ही तिकडची रानटी झुडपं, हीदरच्या शेंड्यांपासून आणि गॉर्सच्या फुलांपासून पिवळा, त्याला तुरटी लागायची. दलदलीतल्या काळ्या चिखलापासून काळा. लाल आणि निळा मात्र विकत, लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा आणि निळ्याला नीळ. बंगाल-बिहारची नीळ त्या काळात युरोपभर जायची, त्यामुळे कॉनेमाराच्या, म्हणजे गॉलवेच्या पश्चिम भागातल्या, एखाद्या बाईच्या परकरात आपल्या इकडची नीळ असणं अगदी शक्य आहे. लाल फ्लॅनेलचा परकर तर पश्चिम किनाऱ्यावरच्या बायकांची ओळखच होती.

शिंपी खरंच घरी राहायला यायचा का?

हो, यायचा. गावोगाव फिरणारा शिंपी वर्षातून एकदोनदा घरी यायचा आणि घरातल्या सगळ्या पुरुषांचे कपडे होईपर्यंत तिथेच राहायचा, कधी बरोबर एखादा शिकाऊ पोरगा. तो यायच्या आधी कापड तयार हवं, घर झाडूनपुसून हवं, आणि जेवणात नेहमीपेक्षा चांगलं काहीतरी हवं, कारण शिंपी पुढच्या घरी जाऊन कुणाकडे काय मिळालं ते सांगणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. बसायला त्याला टेबल लागायचं, खिडकीपाशी, कारण उजेड तिथेच, आणि टेबलावर मांडी घालून तो शिवायचा म्हणजे कापड जमिनीला लागून मळत नाही.

सामान थोडंच. मोठी जड कातर, खडू, मेण, सुया, टोक उघडं असलेलं अंगुस्तान, आणि ती जड लोखंडी इस्त्री जी पीटच्या विस्तवात तापवायची. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण, लाकूड तिकडे दुर्मिळ. टेप रूढ व्हायच्या आधी माप कागदाच्या पट्टीवर घ्यायचे, छातीला एक खाच, बाहीला एक खाच, कमरेला एक. बेतायचं डोळ्यानेच. घरचं कापड जाड आणि पन्हा अरुंद, चुकून जास्त कापलं तर वर्षभराची लोकर वाया, त्यामुळे कात्री लावताना घरातले सगळे श्वास रोखून बघत असणार यात मला शंका नाही.

आणि संध्याकाळ झाली की शेजारपाजारचे जमायचे. शिंपी चार गावं फिरलेला, कुणाचं लग्न ठरलं, कुठे बैल विकला गेला, कोण अमेरिकेला गेलं, सगळ्या बातम्या त्याच्याकडे, वर जुन्या गोष्टी सांगण्यात तरबेज. बऱ्याच गावांत लग्न जमवायच्या कामातही त्याचा हात असायचा.

मग "नऊ शिंपी मिळून एक पुरुष" असं का म्हणायचे?

बसून काम करणाऱ्या माणसाला शेतात राबणाऱ्यांनी कमी लेखायचं, त्यातला प्रकार. ज्या मुलाचा पाय अधू असेल त्याला मुद्दाम शिंपीकामाला घालायचे, कारण नांगर धरणं जमणार नाही. मला ही म्हण आवडत नाही, कारण अशाच एका माणसाने सगळ्या देशाला बोलायला लावलं. कॉर्कमधल्या गूगन बाराजवळ राहणारा टिम बकली, एक पाय लहानपणापासून लुळा, शिंपी आणि भन्नाट गोष्टी सांगणारा. त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या गप्पांचं पुस्तक १९४२ साली छापून आलं आणि लगेच अश्लील म्हणून त्यावर बंदी घातली गेली, आयर्लंडच्या सीनेटमध्ये त्यावरून चर्चा झाली. पाद्री लोकांनी त्याच्या घरी येऊन त्याच्याच चुलीत त्याला ते पुस्तक जाळायला लावलं. म्हातारपणी त्या दोघांना गावात बराच त्रास झाला. १९४५ साली टिम गेला. बंदी साठच्या दशकात उठली, त्याला ते बघायला मिळालं नाही.

शिंप्याला पैसे कसे द्यायचे?

दिवसावर नाहीतर नगावर, आणि राहणं जेवण वेगळं. आपल्याकडच्या बलुत्यासारखं वर्षाचं धान्य ठरलेलं असा प्रकार तिकडे नव्हता. हातात रोकड नसेल तर लोकर, बटाटे, लोणी, पीट असं काहीतरी द्यायचे किंवा जत्रेत जनावर विकल्यावर देतो म्हणायचे, आणि शिंप्याला थांबायलाच लागायचं.

बायकांचे कपडे पण हाच शिंपी शिवायचा का?

सहसा नाही. तो मुख्यतः पुरुषांचे कोट, वेस्टकोट, पँटी शिवायचा. बायकांचे परकर, ब्लाऊज, एप्रन घरीच नाहीतर गावातली शिवणकाम करणारी बाई शिवायची, पुढे शिवणयंत्र आलं तेव्हा तर तिचं काम खूपच वाढलं. सिंगर कंपनीचं मशीन हप्त्यांवर मिळायचं आणि बऱ्याच घरांत ती एकमेव महागडी वस्तू असायची.

कॉर्कच्या पश्चिम भागातला तो प्रसिद्ध काळा टोपीवाला झगा वेगळी गोष्ट आहे. किन्सेल, बँडन, क्लोनाकिल्टी या भागातल्या बायका तो घालायच्या, कापड विकतचं भारी लोकरीचं, टोपीला आतून साटीन, किंमत खूप, म्हणून एकदाच करायचा आणि आईकडून मुलीकडे जायचा. तो घरगुती कपडा म्हणून दाखवतात ते चूक आहे.

पिठाच्या पोत्यांचे कपडे हे खरं का?

एकदम खरं, आणि ही काही फार जुनी गोष्ट नाही, १९५० च्या दशकातसुद्धा चालू होतं. पीठ सुती पोत्यांत यायचं. पोतं उसवायचं, भिजवायचं, उकळायचं, गवतावर उन्हात पसरायचं, पुन्हा उकळायचं, गिरणीचं छापील नाव जाईपर्यंत, आणि ते नाव सहजी जात नसे. चार पोती जोडली की एक चादर. शर्ट, एप्रन, उशीचे अभ्रे, लहान मुलांच्या चड्ड्या सगळं त्यातून. ज्यांनी हे घातलं ते म्हणतात की कापड नवं असताना टोचायचं, मग धुवून धुवून मऊ व्हायचं. काही जण याबद्दल बोलताना लाजतात, त्यांनी अजिबात लाजू नये. त्या आयांनी एक सूतही वाया जाऊ दिलं नाही.

याच हिशोबाने कोट उलटवायचे. बाहेरची बाजू विटली की शिंपी सगळा कोट उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायचा, फक्त खिसा आणि काजं उलट बाजूला गेली की ओळखणाऱ्याला कळायचं. वडलांचा कोट थोरल्याला, मग कापून धाकट्याला, शेवटी ठिगळांना. १९४२ साली महायुद्धामुळे कपड्यांवर कूपनं आली तेव्हा तर हे शहरातल्या लोकांनाही करायला लागलं.

लहान मुलगे परकर का घालायचे?

अ‍ॅरन आणि कॉनेमाराच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये दहा-बारा वर्षांची मुलं लोकरी परकरात दिसतात आणि लोक हटकून विचारतात. लोक सांगतात ते कारण असं की पऱ्या, म्हणजे टेकड्यांत राहणारे ते दुसरे लोक, मुलगे पळवतात, म्हणून त्यांना मुलगी समजून सोडून द्यावं. हे मानणारे होतेच. पण व्यवहाराचं कारण पण तितकंच पटण्यासारखं आहे, परकर आई घरी शिवू शकते, पँटीला शिंपी लागतो, मूल वाढलं की परकराची दुमड सोडली की झालं, आणि बटणांची भानगड नाही. पहिली पँट मिळाली तो दिवस मोठा असायचा.

अ‍ॅरन स्वेटरमध्ये प्रत्येक घराण्याचं वेगळं डिझाईन असतं, त्यावरून बुडालेला माणूस ओळखायचे, हे खरं ना?

नाही. कृपा करून हे पुढे पाठवू नका.

ही गोष्ट कुठून आली ते सांगते. १९०४ साली पहिल्यांदा सादर झालेल्या, जॉन सिंग या आयरिश लेखकाच्या एका नाटकात बुडालेल्या माणसाची बहीण त्याच्या मोज्यावरून त्याला ओळखते, कारण ते टाके तिने स्वतः घातलेले असतात. मोजा, साधा मोजा, आणि तो घराण्याच्या डिझाईनवरून नाही तर स्वतःच्या हातच्या टाक्यांवरून ओळखला जातो. पुढे १९३० च्या दशकात ऑक्सफर्डला लोकरीचं दुकान असलेल्या हाइन्झ किवे नावाच्या माणसाला डब्लिनमध्ये एक पांढरा नक्षीचा स्वेटर मिळाला आणि त्याने तो हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती हस्तलिखितांमधल्या नक्षीशी जोडून दिला. पुरावा काही नव्हता. घराण्यांची डिझाईनं तर त्याच्याही नंतरची, विक्रीसाठी केलेली.

खरी गोष्ट अशी की वेण्या आणि चौकटीची नक्षी असलेला स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. स्कॉटलंड-इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे मासेमार गान्सी नावाचे विणलेले स्वेटर घालायचे, ती विद्या मासेमारीबरोबर इकडे आली, आणि १८९१ मध्ये सरकारने गरीब पश्चिम भागासाठी काढलेल्या मंडळाने मासेमारी आणि हातकाम दोन्हीला हात दिला, आणि बेटांवरच्या बायकांनी मग त्यात स्वतःचं डोकं लावून एकापेक्षा एक नक्षी काढली. १९३० पासून म्युरिअल गाहन हिने डब्लिनमधल्या आपल्या दुकानातून त्या विकायला सुरुवात केली आणि बायकांच्या हातात पैसा आला. साठच्या दशकात क्लॅन्सी ब्रदर्स हे गायक अमेरिकेत टीव्हीवर पांढरे स्वेटर घालून गायले आणि मागणी एवढी वाढली की विणणाऱ्या कमी पडायला लागल्या.

मला वाईट याचं वाटतं की हजार वर्षांची परंपरा म्हटलं की लोकांना भारी वाटतं, पण आजीच्या पिढीतल्या बायकांनी आपल्या हुशारीने हे तयार केलं म्हटलं की भारी वाटत नाही. का नाही वाटत?

विणकाम करून बायकांना पैसे नीट मिळायचे का?

पुष्कळदा नाही. डोनेगलच्या पश्चिमेला बायका व्यापाऱ्याकडून सूत आणायला मैलोन् मैल चालत जायच्या, घरी येऊन मोजे विणायच्या, परत चालत जाऊन द्यायच्या, आणि बदल्यात रोख नाही तर चहा, साखर, अशा वस्तू मिळायच्या, त्याही व्यापारी सांगेल त्या भावाने. १९०६ साली डंगलोला पॅट्रिक गॅलाहर आणि शेजाऱ्यांनी टेम्पलक्रोन सहकारी सोसायटी काढली, आणि नंतर तिने विणकामाचा कारखाना काढला तेव्हा तिथल्या मुलींना रोख मजुरी मिळायला लागली. सहकार काय करू शकतो हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, पण तसंच, आर्डराला त्या सरकारी मंडळाने कापडाची तपासणी सुरू केली, चांगल्या कापडावर शिक्का, आणि शिक्का असला की भाव बरा.

बूट आणि पट्टे पण घरीच?

बेटांवर हो. पॅम्पूटी म्हणजे कच्च्या चामड्याचे, केस बाहेरच्या बाजूला असलेले, टाच नसलेले जोडे. खडकावर घसरत नाहीत पण वाळले की कडक होतात, म्हणून रात्री पाण्यात ठेवायचे. क्रिस म्हणजे रंगीत लोकरीचा विणलेला कंबरपट्टा, एक टोक पायाला अडकवून माग न वापरता विणायचे. फार सुंदर वस्तू आहे.

लिनन?

ते मुख्यतः उत्तरेला, अल्स्टरमध्ये. लिनन जवसाच्या धाग्याचं, जवसाची झाडं कापत नाहीत, मुळासकट उपटतात, मग डबक्यात दगडाखाली कुजवतात, त्याचा वास गावभर सुटायचा. नंतर बडवून धागा काढायचा. बेलफास्टच्या गिरण्या वाढल्या तसं घरचं लिनन कातणं बंद पडत गेलं.

कपड्यांबद्दल काही समजुती होत्या का?

भरपूर. मला माहीत असलेल्या सांगते. नवा कपडा घातलेल्याला "जगावंस आणि हे झिजवावंस" अशा अर्थाचा आशीर्वाद द्यायचे, पोराच्या नव्या कोटाच्या खिशात एक नाणं टाकायचे. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, कुठलंही चाक फिरवायचं नाही, म्हणजे चरखाही बंद. ३१ जानेवारीच्या रात्री सेंट ब्रिजिडसाठी कापडाचा तुकडा बाहेर ठेवायचा, सकाळी तो औषधी, डोकेदुखीला डोक्याला बांधायचा. ओळखीच्या शेतातच वाट चुकली तर पऱ्यांनी फसवलं असं समजून कोट उलटा करून घालायचा म्हणजे वाट सापडते. आणि घरातलं कुणी गेलं की त्याचे कपडे नातेवाइकाला किंवा गरिबाला द्यायचे आणि त्याने ते तीन रविवार घालून चर्चला जायचं.

मग हे सगळं संपलं कधी आणि का?

एका दिवसात नाही. आधी जत्रांमधून इंग्लंड-स्कॉटलंडचे जुने कपडे स्वस्तात विकायला आले. मग अमेरिकेत गेलेल्या मुलींकडून पार्सलं यायला लागली, डांबरगोळ्यांचा वास, भडक रंगाचे झगे, आणि सगळं घर ते उघडायला जमायचं. १९३० च्या दशकात आयात मालावर कर बसला आणि देशातच तयार कपड्यांचे कारखाने वाढले. शिंपी फिरायचा थांबून गावात दुकान टाकून बसला, मग म्हातारा झाला आणि शिकाऊ पोरगा बोटीने इंग्लंडला गेलेला.

आज काही बघायला मिळेल का?

हो. मेयोमध्ये कॅसलबारजवळ टरलो पार्क इथे राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामीण जीवनाचा विभाग आहे, आयर्लंडला राहणाऱ्यांनी आणि फिरायला जाणाऱ्यांनी एक अख्खा दिवस काढून जा. डोनेगलमध्ये किलकार आणि आर्डराला अजून हातमागावर ट्वीड विणतात, तेही बघा. स्वेटर घेणार असाल तर लेबल वाचा, बरेचसे आता बाहेरून आलेल्या मऊ मेरिनो लोकरीचे आणि मशीनवरचे असतात. हाताने विणलेला हवा असेल तर तसं स्पष्ट विचारा आणि किंमत ऐकून दचकू नका, त्यात किती तास गेलेत ते वर वाचलंतच.

हे सगळं कळलं तरी कसं?

मोठा वाटा शाळकरी मुलांचा आहे. १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश लोककथा आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना वह्या दिल्या आणि घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणा म्हणून सांगितलं. त्यातला एक विषय गावात बनणारे कपडे असाच होता, गावात शिंपी कोण, तो घरोघरी फिरतो का, चरखे अजून आहेत का. एकूण सुमारे ७,४०,००० पानं जमली. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ती जपून ठेवलीत आणि दूखस नावाच्या साइटवर फुकट वाचता येतात. काउंटी, म्हणजे जिल्हा, निवडायची, मग विषय निवडायचा. बरीच पानं इंग्रजीत आहेत, अक्षर लहान मुलांचं असल्यामुळे लागतं पटकन. डोनेगल किंवा मेयोपासून सुरुवात करा, तिथे शिंप्यांबद्दल पोरांनी खूप लिहिलंय.